एकच लक्ष्मी, दोन रंग

गणपती जवळ आले की आपल्या बडोद्याच्या घरांत माळ्यावरचे सामान खाली उतरते. मखर, समया, झालरी आणि त्यांच्याबरोबर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एखादी जुनी तसबीर. काच तडकलेली, रंग उडालेले. "आता हिचे काय करायचे? विसर्जनाच्या दिवशी देऊन टाकू," असे घरातले कोणीतरी म्हणते. हा लेख त्या तसबिरीची बाजू मांडण्यासाठी आहे.

आमच्या घरी राजा रविवर्म्याची लक्ष्मी आहे. तशीच एक काकांकडे आहे. वाडा वाटला गेला तेव्हा एक आमच्याकडे आली, एक त्यांच्याकडे राहिली. काकांच्या लक्ष्मीचे लुगडे तांबडेलाल, आमच्या लक्ष्मीचे फिकट, जवळजवळ राखी. त्यामुळे काकांकडची "खरी" आणि आमच्याकडची "मागाहून आणलेली नक्कल" असे तिकडे म्हणत. आमचे बाबा याच्या बरोबर उलटे म्हणत. वाटणीतले बाकीचे विषय काळाने मागे पडले, हा मात्र प्रत्येक लग्नकार्यात निघायचा. मी मुद्रणाचा डिप्लोमा केलेला आणि राज्य सरकारच्या नोकरीतला माणूस. "तू छापखान्याचा शिकलास ना, मग सांग कोणती खरी," असे मला नेहमी विचारले जाई. उत्तर द्यायला मला बरीच वर्षे लागली.

ही चित्रे घरोघर कशी पोहोचली, त्याचे एक टोक आपल्याच गावात आहे. सर टी. माधवराव हे तंजावरच्या मराठी घराण्यातले. आधी त्रावणकोरचे आणि पुढे बडोद्याचे दिवाण झाले. रविवर्म्याला बडोद्याच्या दरबाराची वाट दाखवणाऱ्यांत ते होते. सयाजीराव महाराजांनी त्याच्याकडून व्यक्तिचित्रे तर करून घेतलीच, शिवाय लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी १४ पौराणिक चित्रे काढून घेतली. मागणी इतकी वाढली की एका माणसाच्या दोन हातांना ती पुरणे शक्य नव्हते. म्हणून निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, असे माधवरावांनी १८८४ साली रविवर्म्याला पत्राने सुचवले. युरोपऐवजी छापखाना मुंबईतच निघाला. १८९४ साली गिरगावात तो सुरू झाला आणि शकुंतलेच्या जन्माचे चित्र तिथे पहिल्यांदा छापले गेले. पुढे घाटकोपर आणि प्लेगच्या काळात लोणावळ्याजवळ मळवली, असा त्याचा प्रवास झाला. यंत्रे जर्मन, तंत्रज्ञही जर्मन. त्यांच्यापैकीच फ्रिट्झ श्लायशर यांनी नंतर तो विकत घेतला. आपल्या कलाभवनात शिकलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच छापखान्यासाठी काम करत होते.

आता मुख्य मुद्दा. ही छपाई शिळेवरची. बव्हेरियातून येणाऱ्या गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने किंवा शाईने चित्र काढायचे. दगड ओला केला की कोऱ्या जागेवर पाणी धरते आणि तेलकट रेघांवर शाई बसते. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एका चित्राला दहा-बारा दगड सहज लागत, कधी त्याहून जास्त. म्हणजे तोच ताव दहा-बारा वेळा यंत्राखालून जायचा, आणि प्रत्येक वेळी आधीचा रंग वाळेपर्यंत थांबायचे. पावसाळ्यात कागद दमटपणाने फुगतो. मग पुढचा रंग आधीच्या रंगावर नेमका बसत नाही, एका बाजूला केसभर सरकतो. आम्ही छापखान्यातले लोक त्याला "रजिस्टर हलले" म्हणतो.

शाई हाताने कालवलेली. सकाळी कालवलेला लाल आणि दुपारी कालवलेला लाल तंतोतंत एक नसायचा. चित्र काही वर्षांनी पुन्हा छापायला घेतले की फरक आणखी वाढे. म्हणून "रविवर्म्याच्या लक्ष्मीचा अस्सल रंग कोणता" या प्रश्नाला छापील चित्रापुरते एक उत्तर नाहीच. अस्सल एकच, ते तैलरंगातले. छापील प्रती मात्र एकमेकींच्या बहिणी आहेत, थोड्या सारख्या, थोड्या वेगळ्या.

असे रंगभेद जमवणारे लोक जगात आहेत. अमेरिकेत च्युइंगगमच्या पाकिटातून बेसबॉल खेळाडूंची छोटी कार्डे मिळत. टॉप्स कंपनीच्या १९६२ सालच्या दुसऱ्या मालिकेतली कार्डे दोन छटांत सापडतात, एक नेहमीची आणि एक हिरवट. कार्ड तेच, पण छपाई वेगळी. संग्राहकांनी त्यांच्या क्रमांकवार याद्या केल्या आहेत. त्यांचा एक नियम मला फार उपयोगी पडला. रंग वेगळा दिसला की आधी विचारायचे, हा फरक छापताना झाला की नंतर उन्हाने? कारण उन्हात लाल आणि पिवळा आधी उडतात, निळा आणि काळा टिकतात. उन्ह खाल्लेले चित्र निळसर-राखी दिसते आणि एखादी दुर्मिळ छपाई असल्याचा भास होतो.

याचे उत्तर चौकटीच्या आत असते. चौकटीची पट्टी कागदाची कड झाकते, तिथे उन्ह पोहोचत नाही. कडेला दडलेला रंग आणि मधला रंग वेगळे असतील तर तो उन्हाचा परिणाम. कडेपर्यंत रंग एकसारखा असेल तर तो छापतानाचाच. तळाच्या समासात छापखान्याचे नाव-गाव असते. त्यावरून चित्र गिरगावच्या काळातले की कार्ला-लोणावळ्याच्या, याचा अंदाज येतो. आणि भिंगाखाली हाताने दिलेले वेडेवाकडे ठिपके दिसले तर शिळाछाप. जाळीसारखे एका मापाचे ठिपके दिसले तर नंतरचे ऑफसेट.

बाबा गेले त्यानंतरच्या गणपतीत मी आमची लक्ष्मी घेऊन काकांकडे गेलो. दोन्ही तसबिरी जमिनीवर चादर पसरून उघडल्या. काका खुर्चीवर, काकू भिंग घेऊन माझ्या शेजारी. आमच्या लक्ष्मीच्या कडेला, पट्टीखाली, बोटभर रुंदीचा तांबडालाल पट्टा निघाला. काकांच्या लक्ष्मीसारखाच. तळाची ओळही दोन्हींवर अक्षरन् अक्षर तीच. आमची तसबीर पश्चिमेच्या खिडकीसमोर वर्षानुवर्षे दुपारचे उन्ह खात होती, त्यांची देवघराच्या अंधारात होती. त्यांच्या लक्ष्मीवर समईच्या काजळीने आणि पिवळ्या पडलेल्या वॉर्निशने एक काळसर पडदाही चढलेला होता, म्हणजे तिचाही रंग मूळचा राहिलेला नव्हता. छपाईचा खरा फरक एकच सापडला. आमच्या लक्ष्मीच्या ओठांचा लाल रेषेबाहेर जरासा सरकला आहे.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आबांनी दोन्ही एकाच वेळी आणल्या असणार. दोघा मुलांना एकेक." हे छपाईवरून सिद्ध होत नाही, ते मला ठाऊक आहे. मी तसे बोललो नाही.

एक चूक मात्र माझ्या नावावर आहे. नोकरीच्या सुरुवातीला मी आमची सरस्वती नव्या चौकटीत बसवायला दिली. समास कापून चित्र प्लायवूडवर चिकटवू का, असे फ्रेमवाल्याने विचारले आणि मी हो म्हणालो. तळाची ओळ गेली, कडेचा रंग गेला. ते चित्र कधीचे, कुठले, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. शिकलेल्या माणसाच्या हातून ते झाले, याची खंत आहे.

मळवलीचा छापखाना १९७२ साली आगीत सापडला. त्या छपाईचा पुरावा म्हणून जे उरले, त्यातला मोठा भाग आपल्यासारख्यांच्या भिंतींवर आणि माळ्यांवर आहे. मूळ तैलचित्रे पाहायची असतील तर राजवाड्याच्या आवारातले महाराजा फत्तेसिंह संग्रहालय आहेच. पण घरच्या तसबिरीवर आपल्या घराचे उन्ह आहे, आपल्या समईची काजळी आहे, ती तिथे मिळणार नाही.

तेव्हा या वर्षी माळ्यावरून तसबीर निघाली तर एवढे करा. समास कापू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसू नका. उन्हासमोरच्या भिंतीवर लावू नका. मागच्या बाजूला कोणी काही लिहिले आहे का ते पाहा. आणि भाऊबंदांकडे तेच चित्र असेल तर एक दिवस दोन्ही शेजारी ठेवून बघा.