कूलर लावण्याआधी छत पहा : कमी लाईट बिलात घर थंड ठेवण्याचे उपाय

यवतमाळ : मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि घरोघरी कूलर सुरू होतात. कूलरला लाईन लागते आणि पाणी लागतं. उन्हाळ्यात गावात नेमकी याच दोन गोष्टींची ओढाताण असते. २०१८ मध्ये निळोणा आणि चापडोह धरणं आटली, तेव्हा यवतमाळ शहरालाही टँकरवर दिवस काढावे लागले. मोठा कूलर कोरड्या हवेत तासाला ५ ते १० लिटर पाणी सहज ओढतो. म्हणून आधी घरात शिरणारी उष्णता अडवा. कूलर त्यानंतर.

उष्णता येते कुठून?

एकमजली घराचं छत सकाळपासून संध्याकाळपर्यंत उन्हात असतं. टिन लगेच तापतं आणि खाली आच फेकतं. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री तीच उष्णता घरात सोडतो. म्हणून रात्री ११ वाजताही पंखा गरम हवा देतो.

स्लॅबला चुना

पांढरं छत ऊन परत फेकतं. अहमदाबादेत वस्त्यांमधल्या घरांची छतं अशीच पांढरी केली गेली. पैनगंगेपलीकडच्या तेलंगणाने तर २०२३ मध्ये यासाठी स्वतंत्र धोरणच आणलं. पांढऱ्या छतामुळे खोली साधारण २ ते ५ अंश थंड राहते.

कळीचा चुना रात्रभर भिजवा, गाळून घ्या, चिकटण्यासाठी थोडं फेविकॉल मिसळा. छत झाडून, धुऊन घ्या. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर दोन हात मारा. चुना डोळ्यांत गेला तर इजा होते, म्हणून चष्मा आणि हातमोजे घाला. लहान मुलांना दूर ठेवा. पावसात चुना धुऊन जातो, त्यामुळे दरवर्षी पुन्हा मारावा लागतो.

टिनाचं घर असेल तर

टिनावर चुना टिकत नाही. त्यासाठी ऊन परतवणारा पांढरा रंग मिळतो. तो जमत नसेल तर टिनाच्या वर फूटभर अंतर ठेवून हिरवी शेडनेट ताणा. आतून बांबूची चटई लावली तरी फरक पडतो, पण टिन आणि चटईत हवेसाठी जागा सोडा. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, पत्रा फुटून माणूस खाली येतो.

छतावर पऱ्हाटी रचू नका. वाळलेली पऱ्हाटी एका ठिणगीने पेटते. शिवाय तिच्यात गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात कपाशीवर येते.

दारं-खिडक्यांची वेळ

सकाळी ९ च्या आत खिडक्या बंद करा, पडदे ओढा. दिवस मावळल्यावर सगळं उघडा. पश्चिमेची भिंत सगळ्यात जास्त तापते. तिकडे जुन्या साड्यांचा पडदा किंवा बांबूचा ताटवा बांधा. या पावसाळ्यात त्याच बाजूला कडुनिंब लावा.

कूलर लावताना

कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. बंद खोलीत ओल साचते आणि गारवा वाटत नाही. कूलरच्या शॉकने जीव गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. म्हणून तीन पिनचा प्लग वापरा, अर्थिंग तपासून घ्या. पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढा. ओल्या हाताने, अनवाणी कूलरला हात लावू नका. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात.

बिलाचा हिशेब

२०० वॅटचा कूलर रोज १० तास चालला तर महिन्याला ६० युनिट होतात. ७५ वॅटचा जुना पंखा रोज १६ तास फिरला तर ३६ युनिट. ३० वॅटचा बीएलडीसी पंखा तेवढ्याच वेळात १४-१५ युनिटांत भागवतो. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांच्या वरच्या युनिटांना जास्त दर लागतो. म्हणून वाचलेलं प्रत्येक वरचं युनिट जास्त पैसे वाचवतं. नवा पंखा घेताना स्टार लेबल पहा. २०२३ पासून ते सिलिंग पंख्यांवर सक्तीचं आहे.

एवढं मात्र विसरू नका

पारा ४० च्या वर असताना नुसता पंखा गरम हवाच अंगावर मारतो. अशा वेळी म्हातारी माणसं आणि लेकरं यांच्या अंगावर ओलं फडकं फिरवा, पाणी पाजत रहा. अंग तापलं, बोलणं भरकटलं किंवा शुद्ध हरपली तर तो उष्माघात असू शकतो. माणसाला सावलीत घ्या, अंग ओलं करून वारा घाला आणि लगेच १०८ वर फोन करा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.