गोल्डफिशच्या टाकीचे आकारमान

गोल्डफिशच्या टाकीचे आकारमान म्हणजे गोल्डफिश किंवा सोनमासा (शास्त्रीय नाव: कॅरॅसियस ऑराटस) हा पाळीव मासा निरोगी राहण्यासाठी लागणारे पाण्याचे घनफळ व पोहण्याची जागा होय. शोभिवंत गोल्डफिशसाठी पहिल्या माशामागे सुमारे ७५ लिटर आणि पुढील प्रत्येक माशामागे सुमारे ४० लिटर पाणी असावे, असा संकेत हौशी मत्स्यपालकांमध्ये प्रचलित आहे. हा संकेत अनुभवावर आधारलेला असून कोणतेही जागतिक प्रमाण नाही. पाण्याचे तापमान, सामू, गाळणयंत्रणा व पाणी बदलण्याची वारंवारता यांनुसार त्यात बदल होतो. यवतमाळ जिल्ह्यासारख्या उष्ण व पाणीटंचाईच्या प्रदेशात टाकीच्या आकारमानाला विशेष महत्त्व येते.

पार्श्वभूमी

गोल्डफिश हा कार्प कुळातील मासा असून त्याचे पालन चीनमध्ये हजार वर्षांहून अधिक काळ चालत आले आहे. तेथे हे मासे प्रथम तळ्यांत व नंतर रुंद तोंडाच्या मातीच्या भांड्यांत ठेवले जात आणि ते वरून पाहिले जात. युरोपात हा मासा सतराव्या शतकात पोहोचला. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन याने १८५० मध्ये गोल्डफिश, पाणवनस्पती व गोगलगाय एकत्र ठेवून पाण्याच्या समतोलाविषयीचे प्रयोग प्रसिद्ध केले. घरगुती काचेच्या मत्स्यालयाचा प्रसार त्यानंतरच्या काळात झाला. महाराष्ट्रात मुंबईतील तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले आणि काचेआडचे मासे पाहण्याची सवय अनेक पिढ्यांना तेथे लागली.

माशाची वाढ

बाजारात विकली जाणारी पिल्ले सहसा ३ ते ५ सेंटिमीटर लांबीची असतात. त्यामुळे पूर्ण वाढीच्या माशाची कल्पना खरेदीच्या वेळी येत नाही. वाढीच्या दृष्टीने गोल्डफिशचे दोन गट पडतात.

- एकशेपटी प्रकार: सामान्य गोल्डफिश, कॉमेट व शुबुनकिन. शरीर लांबट, पोहणे वेगवान. तळ्यात ३० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक वाढू शकतात.
- शोभिवंत प्रकार: फँटेल, ओरांडा, रियुकिन, ब्लॅक मूर, रांचू. शरीर गोलसर, पोहणे संथ. साधारणतः १५ ते २० सेंटिमीटरपर्यंत वाढतात.

चांगल्या परिस्थितीत गोल्डफिश १० ते १५ वर्षे जगतो. इंग्लंडमधील टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षे जगल्याची नोंद आहे. लहान भांड्यातील मासे मात्र अनेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मरतात.

मासा टाकीच्या मापाप्रमाणेच वाढतो, असा समज रूढ आहे. लहान टाकीत वाढ खुंटते हे खरे असले तरी ती माशाने जागेशी साधलेली सोयीस्कर जुळणी नसते. साचलेली उत्सर्जके, दाटी व अपुरी हालचाल यांचा तो परिणाम असतो.

अधिक पाण्याची कारणे

अमोनिया: गोल्डफिशला खरे जठर नसते. तो दिवसभर थोडेथोडे खातो व बरीच विष्ठा टाकतो. शरीरातील अमोनिया मुख्यतः कल्ल्यांवाटे पाण्यात मिसळतो. तेवढाच अमोनिया ५ लिटरच्या भांड्यात १०० लिटरच्या टाकीपेक्षा वीसपट तीव्र होतो. टाकीतील उपयुक्त जिवाणू अमोनियाचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू गाळणयंत्रातील स्पंज, खडे इत्यादींच्या पृष्ठभागावर वाढतात. नव्या टाकीत ते पुरेसे वाढण्यास काही आठवडे लागतात. म्हणून मोठ्या टाकीतही एकदम अनेक मासे सोडणे धोक्याचे असते.

प्राणवायू: हवेतील प्राणवायू पाण्याच्या पृष्ठभागातून विरघळतो. गळ्यापर्यंत भरलेल्या गोल भांड्यात हा पृष्ठभाग अगदी लहान होतो. त्यामुळे समान घनफळाच्या दोन टाक्यांपैकी उंच व अरुंद टाकीपेक्षा लांब व पसरट टाकी अधिक योग्य ठरते.

स्थैर्य: पाणी जितके कमी, तितके त्याचे तापमान व रासायनिक गुणधर्म लवकर बदलतात. एखादा मासा मेल्यास किंवा अन्न जास्त पडल्यास लहान भांड्यातील पाणी काही तासांत बिघडू शकते.

थंड पाण्यात प्राणवायू जवळजवळ संपला तरी गोल्डफिश काही काळ तग धरतो, कारण त्याचे शरीर अशा वेळी अल्कोहोल तयार करून ऊर्जा मिळवू शकते. गोल भांड्यात तो लगेच मरत नाही, यामागे त्याची ही काटक प्रकृती आहे. तग धरणे हे सुस्थितीचे लक्षण मानता येत नाही. पृष्ठभागाशी येऊन तोंडाने हवा घेणे, पर मिटून तळाशी बसणे व कल्ले लाल होणे ही पाणी बिघडल्याची सामान्य लक्षणे आहेत.

मापन व प्रचलित मापे

टाकीची लांबी, रुंदी व उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार १,००० ने भागल्यास घनफळ लिटरमध्ये मिळते. महाराष्ट्रातील दुकानांत टाक्या फुटांच्या मापाने विकल्या जातात. १ घनफूट म्हणजे सुमारे २८.३ लिटर.

- २ × १ × १ फूट: सुमारे ५७ लिटर, पिल्लांसाठी तात्पुरती.
- २ × १ × १.५ फूट: सुमारे ८५ लिटर, एक शोभिवंत मासा.
- ३ × १ × १.५ फूट: सुमारे १२७ लिटर, साधारणतः दोन शोभिवंत मासे.
- ३ × १.५ × १.५ फूट: सुमारे १९१ लिटर, साधारणतः तीन शोभिवंत मासे.
- ४ × १.५ × १.५ फूट: सुमारे २५५ लिटर, चार ते पाच शोभिवंत मासे.

वरची रिकामी कड, खडे व सजावट यांमुळे प्रत्यक्षातील पाणी या आकड्यांपेक्षा १० ते १५ टक्के कमी भरते. १ लिटर पाण्याचे वजन १ किलोग्रॅम असल्याने ३ × १.५ × १.५ फुटांच्या टाकीखाली दीडशे किलोग्रॅमहून अधिक भार पेलणारे स्टँड लागते. एकशेपटी प्रकारांसाठी काचेची टाकी बहुधा अपुरी पडते. त्यांना अंगणातील तळे किंवा मोठा हौद अधिक मानवतो. नव्या सिमेंटच्या हौदातून चुना पाण्यात उतरून सामू वाढतो. त्यामुळे असा हौद वारंवार भरून व रिकामा करून मुरवल्यानंतरच त्यात मासे सोडतात.

यवतमाळ जिल्ह्यातील परिस्थिती

तापमान: गोल्डफिशला साधारणतः १८ ते २४ अंश सेल्सिअस तापमान मानवते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत दुपारचे तापमान ४० अंशांच्या वर जाते. २० अंशांवर संपृक्त पाण्यात प्रतिलिटर सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू असतो. ३० अंशांवर तो सुमारे ७.५ मिलिग्रॅमवर येतो. त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. म्हणून हिवाळ्यात पुरेशी वाटणारी टाकी उन्हाळ्यात अपुरी ठरू शकते. टाकी उन्हापासून दूर, शक्यतो कूलर असलेल्या खोलीत ठेवणे, पृष्ठभागावर पंख्याचा वारा सोडणे, अन्न कमी करणे आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीवरील एअर पंप बाळगणे हे उपाय केले जातात. बर्फ थेट पाण्यात टाकल्यास तापमान एकदम उतरून माशाला धक्का बसतो.

पाण्याचा कठीणपणा: जिल्ह्याचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाचा असून वणी परिसरात चुनखडक आढळतो. अशा भागांतील विहिरी व बोअरवेलचे पाणी पुष्कळदा कठीण असते. गोल्डफिशला कठीण व किंचित अल्कधर्मी पाणी चालते. आरओ यंत्रातील क्षारविरहित पाण्याची त्याला आवश्यकता नसते. मात्र सामू व तापमान वाढले की अमोनियाचा विषारी अंश वाढतो. सामू ७ व तापमान २५ अंश असताना एकूण अमोनियापैकी १ टक्क्याहून कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८ व तापमान ३० अंश असताना तो ७ टक्क्यांच्या पुढे जातो. त्यामुळे कठीण पाण्याच्या भागात दाटी टाळणे अधिक गरजेचे ठरते.

पाणीटंचाई: यवतमाळ शहराला निळोणा व चापडोह जलाशयांतून पाणीपुरवठा होतो. २०१८ च्या उन्हाळ्यात शहरात तीव्र टंचाई निर्माण झाली होती. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलायचे झाल्यास १०० लिटरच्या टाकीला २५ लिटर, म्हणजे साधारण दीड बादली पाणी लागते. लहान भांड्याला एका वेळी कमी पाणी लागत असले तरी ते जवळजवळ रोज बदलावे लागते आणि एखादा दिवस चुकला तरी मासा धोक्यात येतो. मोठ्या टाकीत काही दिवसांचा उशीर सहसा निभावतो. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असल्याने ते कुंड्यांना व झाडांना उपयोगी पडते. नळाच्या पाण्यातील क्लोरीन घालवण्यासाठी पाणी उघड्या भांड्यात २४ तास ठेवतात किंवा सोडियम थायोसल्फेट वापरतात. ज्यांना उन्हाळ्यात हे पाणी उपलब्ध करता येणार नाही, त्यांच्यासाठी माशांची संख्या कमी ठेवणे हाच व्यवहार्य उपाय आहे.

कायदेशीर बाजू

भारतातील प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० यात मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव प्राण्याचा ‘प्राणी’ या संज्ञेत समावेश होतो. हालचालीस वाजवी वाव मिळणार नाही इतक्या कमी लांबी, रुंदी व उंचीच्या पिंजऱ्यात किंवा पात्रात प्राणी ठेवणे हा कलम ११ नुसार गुन्हा आहे. कलमात माशांसाठी लिटरमधील माप दिलेले नाही. इटलीतील मोंझा शहराने २००४ मध्ये व रोमने २००५ मध्ये गोल्डफिश गोल भांड्यात ठेवण्यास मनाई केली.

टाकी लहान पडल्यास

वाढलेले मासे मोठ्या टाकीत हलवणे, दुसऱ्या पालकाला देणे किंवा दुकानदाराकडे परत करणे हे पर्याय असतात. ते नदीत, तलावात किंवा धरणात सोडणे अयोग्य मानले जाते. गोल्डफिश हा भारतातील मूळचा मासा नाही. तो तळ ढवळून पाणी गढूळ करतो, वनस्पती व इतर माशांची अंडी खातो आणि रोगही पसरवू शकतो. अनेक देशांत अशा रीतीने सोडलेले गोल्डफिश उपद्रवी ठरले आहेत.

हेही पहा

- मत्स्यालय
- नायट्रोजन चक्र
- तारापोरवाला मत्स्यालय
- यवतमाळ जिल्हा