दुखतं पायात, कारण पाठीत : सायटिकाची गोष्ट

आज माझ्याच पायापासून सुरुवात करतो. १९८८ साली वर्गात शिकवताना उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत अशी कळ गेली, की हातातला खडू पडला. सल्ला मिळाला : तीन आठवडे फळीवर पडून राहा. राहिलो. उठलो तेव्हा पाय दुखत होताच, वर चालायची भीती बसली होती.

हे दुखणं जुनं आहे. चरकसंहितेत ते 'गृध्रसी' म्हणून वातव्याधींत येतं. गृध्र म्हणजे गिधाड. रोग्याची चाल तशी होते, असा अर्थ सहसा लावतात. युरोपात ते खुब्याचं दुखणं मानत. 'सायटिका' शब्दाच्या मुळाशी खुबाच आहे. १७६४ मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी सांध्याचं दुखणं आणि नसेचं दुखणं वेगळं केलं. मोठं काम! पण नस का दुखते, याचं उत्तर चुकलं. नसेच्या आवरणात दाहक द्रव साठतो, असं त्यांना वाटे.

आता गंमत बघा. दुखतं पायात, पण बिघाड वाटेत कुठंही असू शकतो, हे तत्त्वज्ञ देकार्त यांनी १६४१ मध्येच मांडलं होतं. वैद्यकाला नेमकी जागा सापडायला १९३४ साल उजाडलं. बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी दाखवलं, की मणक्यांमधली चकती सरकून नसेच्या मुळावर दाबते. म्हणजे आपण ज्याला 'गादी सरकली' म्हणतो, ते.

कारण सापडलं, तरी 'पडून राहा' हा सल्ला टिकला. का? कारण तो पटण्यासारखा होता. तपासला कुणी नव्हता. १९९९ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १८३ रुग्णांवर तो तपासला. दोन आठवडे पडून राहिलेल्यांना हिंडत्याफिरत्यांपेक्षा काहीही जास्त फायदा झाला नाही.

म्हणून सोसेल तेवढं चालत राहा. बहुतेकांचं काही आठवड्यांत-महिन्यांत कमी होतं. मात्र लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांमधला भाग बधिर झाला किंवा पाऊल लुळं पडू लागलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. तिथं वाट बघणं म्हणजे संयम नव्हे.

माझे तीन आठवडे परत येणार नाहीत. तुमचे वाचले, तर हे व्याख्यान कारणी लागलं.