'अभूतपूर्व' संकट आणि दीडशे वर्षांपूर्वीची मुंबई

बाजार कोसळला, एखादी बँक अडचणीत आली की टीव्हीवर हमखास एक शब्द ऐकू येतो: 'अभूतपूर्व'. मला हा शब्द फारसा पटत नाही. आर्थिक विचारांचा इतिहास थोडाफार वाचला तरी लक्षात येतं की बहुतेक मोठे विचार आधीच्या कुठल्यातरी संकटातूनच जन्मलेत. आणि त्यातल्या एका साखळीची बरीच मोठी कडी आपल्याच मुंबई-पुण्यात आहे. आज त्याबद्दल लिहितोय. पोस्ट लांबली आहे, सवडीने वाचा.

1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. तिथला कापूस बंद झाला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानचा कापूस हवा झाला. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. नव्या बँका, नव्या वित्त कंपन्या, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या आसपास गेला. या सगळ्याच्या केंद्रस्थानी होते प्रेमचंद रायचंद. फोर्टातला राजाबाई टॉवर त्यांच्याच देणगीतून, त्यांच्या आईच्या नावाने उभा राहिला. बँक ऑफ बॉम्बेवरचे जुने निर्बंधही याच काळात सैल झाले आणि बँकेने शेअर तारण ठेवून कर्जं वाटली.

एप्रिल 1865 मध्ये युद्ध संपत आलं. कापसाचा भाव घसरला. वायद्याचे सौदे पुरे करण्याची तारीख होती 1 जुलै 1865. त्या दिवशी कोणाकडेच पैसे नव्हते. कालचे लक्षाधीश दिवाळखोरीत गेले. 1868 साली बँक ऑफ बॉम्बेच बंद करावी लागली.

आता शंभर वर्षं पुढे या. हायमन मिन्स्की नावाचे अमेरिकन अर्थतज्ज्ञ कर्जदारांचे तीन प्रकार सांगत. पहिला स्वतःच्या कमाईतून मुद्दल आणि व्याज दोन्ही फेडतो. दुसऱ्याला व्याज झेपतं, पण मुद्दल फेडायला नवं कर्ज काढावं लागतं. तिसऱ्याला व्याजही झेपत नाही. घेतलेल्या वस्तूचा भाव चढत राहील, एवढ्याच भरवशावर तो उभा असतो. मिन्स्की म्हणायचे की चांगले दिवस लांबले की लोक आणि बँका बेफिकीर होतात आणि पहिल्या प्रकाराकडून तिसऱ्याकडे सरकतात. म्हणजे संकटाचं बी भरभराटीतच पेरलं जातं. मिन्स्की 1996 साली वारले. त्यांच्या हयातीत मुख्य प्रवाहाने त्यांना फारसं विचारलं नाही. 2008 साली अमेरिकेतला घरांचा फुगा फुटला आणि सगळे त्यांची पुस्तकं शोधायला लागले. 1864 ची मुंबई डोळ्यासमोर ठेवली तर मिन्स्की समजायला अजिबात अवघड नाहीत.

मुंबईनंतर वर्षभरातच लंडनला तडाखा बसला. मे 1866 मध्ये ओव्हरेंड गर्नी ही बडी वित्तसंस्था कोसळली आणि घबराट पसरली. 'द इकॉनॉमिस्ट'चे संपादक वॉल्टर बॅजट यांनी 1873 साली 'लोंबार्ड स्ट्रीट' हे पुस्तक लिहिलं. सार असं: घबराटीच्या वेळी मध्यवर्ती बँकेने हात आखडता घेऊ नये, भरपूर कर्ज द्यावं, पण चांगल्या तारणावर आणि चढ्या व्याजाने. हाच विचार हेन्री थॉर्नटन यांनी 1802 सालीच बऱ्यापैकी मांडून ठेवला होता. 2008 साली अमेरिकेची मध्यवर्ती बँक याच मार्गाने गेली. मात्र 'भरपूर द्या' हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं, 'चढं व्याज' ही अट बरीचशी गळून गेली. जुने विचार मुळातून वाचायचे ते यासाठी. अर्धंच लक्षात राहिलेलं औषध धोक्याचं असतं.

पण बॅजट यांचा प्रश्न होता, बँक कशी वाचवायची? ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याचं काय, हा त्यांचा विषयच नव्हता. तो प्रश्न आपल्याकडे उभा राहिला.

कापसाच्या तेजीत दख्खनमध्येही कर्ज सहज मिळत होतं. तेजी ओसरली, शेतमालाचे भाव पडले. त्यातच सरकारने फेरपाहणी करून पुणे जिल्ह्यातल्या काही तालुक्यांत शेतसारा जबर वाढवला. सावकारांनी हात आखडला, जुनी वसुली मात्र सुरू राहिली. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात शेतकरी उठले. पुढच्या काही आठवड्यांत पुणे आणि नगर जिल्ह्यांत असे उठाव होत राहिले. बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख एकाच गोष्टीवर होता: कर्जखतं. ती हिसकावून जाळली गेली.

यामागचं गणित अमेरिकेच्या अर्व्हिंग फिशर यांनी 1933 साली, महामंदीत, मांडलं. भाव पडतात पण कर्जाचा आकडा तोच राहतो, म्हणून कर्ज प्रत्यक्षात वाढतं. दहा पोती ज्वारी विकून फिटणारं कर्ज, भाव निम्मा झाला की वीस पोती मागतं. फिशर स्वतः 1929 च्या पडझडीत प्रचंड पैसा घालवून बसले होते. सुप्याच्या शेतकऱ्याला हे गणित त्याच्या कितीतरी आधी, अंगावर कळलं होतं.

सरकारने आयोग नेमला आणि 1879 साली शेतकऱ्यांसाठी दिलासा देणारा कायदा केला. त्या कायद्याखाली न्यायाधीश म्हणून काम केलेल्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. 1892 साली डेक्कन कॉलेजात त्यांनी हिंदी अर्थशास्त्रावर व्याख्यान दिलं. इंग्रजी अर्थशास्त्राचे नियम सर्व देशांना, सर्व काळी लागू पडत नाहीत, ते एका विशिष्ट समाजाची गृहीतकं धरून चालतात, असं त्यांचं म्हणणं. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी जमिनीच्या तारणावरच्या कर्जव्यवस्थेची फेररचना सुचवणारा निबंध लिहिला होता. नुसता सावकार हटवून भागत नाही, शेतकऱ्याला स्वस्त आणि रास्त कर्ज देणारी दुसरी व्यवस्था लागते, हे त्यांना नेमकं दिसलं होतं. सहकारी पतसंस्थांचा कायदा आला 1904 साली. तेव्हा रानडे हयात नव्हते.

आपल्या बँकेतल्या ठेवींवर जो विमा असतो, तोही संकटाचंच अपत्य. 1960 मध्ये केरळची पलाई सेंट्रल बँक बुडाली, ठेवीदार हादरले आणि 1962 पासून ठेव विमा सुरू झाला. 2020 साली त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झाली.

पुढचं संकट कधी येईल, हे या इतिहासातून कळत नाही. तसं सांगणाऱ्यापासून लांबच राहा. पण विचारायचे प्रश्न नक्की मिळतात. आज हप्त्यावर घर, मोबाईल, सोन्यावर कर्ज, ॲपवरून पाच मिनिटांत कर्ज, असं सगळीकडे चाललंय. हे कर्ज फिटणार कशातून, कमाईतून की भाव चढेल या आशेतून? वाटणाऱ्या संस्थेला उद्या मदत लागली तर ती कोणत्या अटीवर? आणि भाव पडले, नोकरी गेली, तर ओझं कोण उचलणार?

पहिल्या दोन प्रश्नांवर भरपूर चर्चा होते. 2008 मध्येही झाली. बड्या संस्था वाचल्या आणि लाखो सामान्य अमेरिकन कुटुंबांची घरं गेली. तिसरा प्रश्न सुप्याच्या बाजारात विचारला गेला होता. त्याचं पुरतं उत्तर अजून आपण दिलेलं नाही.