वळिवड्याचा पोलिश कॅम्प : पलटणीमागे राहिलेले संसार

आपल्या मंडळात कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडची जी मंडळी आहेत, त्यांना 'पोलिश कॅम्प' हे शब्द नवे नाहीत. लहानपणी वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात ते कधीतरी कानावर पडलेले असतात. बाकीच्यांना मात्र याचा पत्ता नसतो. आपल्यापैकी कित्येक कुटुंबे ईलिंग, ॲक्टन, हॅमरस्मिथ या भागांत पोलिश शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून वर्षानुवर्षे राहिली. त्यांच्या दुकानांतून काळा पाव आणि खारवलेल्या काकड्या आपण आणतो, किंग स्ट्रीटवरचे त्यांचे सांस्कृतिक केंद्र येता-जाता पाहतो. पण त्या समाजाच्या जुन्या पिढीतली काही माणसे पंचगंगेच्या काठी लहानाची मोठी झाली, हे ठाऊक नसते. म्हणून ही हकिगत या अंकात जरा विस्ताराने देत आहोत.

वळिवडे हे कोल्हापूरजवळचे, रेल्वेलाईनवरचे गाव. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश माणसे राहात होती. बहुतेक बायका, मुले आणि म्हातारी माणसे. कर्ते पुरुष फार थोडे, कारण ते पलटणीत होते. या लोकांना आपण निर्वासित म्हणतो आणि ते खरेही आहे. पण आम्हाला वाटते, त्यातली पुष्कळशी घरे शिपायांची होती इथून सुरुवात केली तरच ही गोष्ट नीट कळते. घरातल्या माणसाचे नाव सैन्याच्या पटावर होते म्हणून ती घरे उठवली गेली, त्याच पटामुळे ती वाचली आणि शेवटी इंग्लंडचा दरवाजा उघडला तोही त्या पटावरच्या नावानेच.

१९२० साली रशियाशी चाललेली लढाई थांबल्यावर पोलंड सरकारने आपल्या शिपायांना पूर्वेच्या सरहद्दीकडे जमिनी दिल्या. आपल्याकडे तलवारीच्या कामगिरीबद्दल इनाम मिळे, तसाच काहीसा प्रकार. या लोकांना 'ओसादनिक' म्हणत. वीस वर्षांत त्यांनी तिथे घरे बांधली, बागा लावल्या, गोठे भरले. मग १ सप्टेंबर १९३९ ला हिटलरच्या फौजा पश्चिमेकडून आणि १७ सप्टेंबरला स्टालिनच्या फौजा पूर्वेकडून पोलंडमध्ये शिरल्या. पूर्व भागात सोव्हिएत अंमल बसला आणि या घरांवर पहिली कुऱ्हाड पडली. १० फेब्रुवारी १९४० ला, ऐन कडाक्याच्या थंडीत, दारावर थाप पडली. हाताला लागेल ते गाठोड्यात बांधायचे आणि मालगाडीच्या डब्यात चढायचे. त्या एका फेरीत सुमारे १,४०,००० माणसे सायबेरियाच्या आणि उत्तर रशियाच्या जंगलांत लाकूडतोडीला नेली गेली. १३ एप्रिलच्या दुसऱ्या फेरीत पकडलेल्या लष्करी अधिकाऱ्यांच्या आणि पोलिसांच्या बायकामुलांना कझाकस्तानात पाठवले. त्याच दिवसांत कातीनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी त्यांच्या नवऱ्यांना गोळ्या घातल्या जात होत्या. त्या बायकांना याची खबरही नव्हती.

जून १९४१ मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि पारडे फिरले. ३० जुलै १९४१ ला लंडनमध्ये पोलंडचे पंतप्रधान सिकोर्स्की आणि सोव्हिएत वकील माइस्की यांच्यात करार झाला. कैदेतले पोलिश लोक सुटले आणि जनरल आंदर्स यांच्या हाताखाली रशियातच पोलिश सैन्य उभे राहू लागले. बातमी जंगलांतल्या वस्त्यांपर्यंत पोचली तशी माणसे दक्षिणेकडे निघाली. पुरुष भरतीसाठी निघाले आणि बायका-मुले त्यांच्या मागोमाग, कारण सैन्याच्या आसपास राहिलो तरच या देशातून बाहेर पडता येईल हे त्यांनी ओळखले होते. ते बरोबर ठरले. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्र ओलांडून सुमारे १,१५,००० लोक इराणच्या पहलवी बंदरात उतरले. त्यात सुमारे ३७,००० बिनलष्करी होते. इंग्रजांना हवे होते लढणारे शिपाई. ही हजारो अशक्त, उवांनी भरलेली, टायफसने खंगलेली बायकामुले कुणालाच नको होती. आंदर्स यांनी त्यांना मागे ठेवायचे नाकारले. आंदर्स यांच्या इतर निर्णयांबद्दल इतिहासकार काय म्हणायचे ते म्हणोत, या एका गोष्टीसाठी त्यांना मानावेच लागेल.

इराणात कुटुंबांची ताटातूट झाली. पलटण इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त करत पुढे इटलीला जाणार होती. बायकामुलांना कुठेतरी ठेवायला हवे होते. कुणी पूर्व आफ्रिकेत गेले, कुणी मेक्सिकोला, ७३३ मुले १९४४ मध्ये न्यूझीलंडला. हिंदुस्थानात पोरक्या मुलांसाठी नवानगरच्या जामसाहेबांनी आपल्या संस्थानात बालाचडीला समुद्रकाठी जागा दिली, ती गोष्ट बऱ्यापैकी प्रसिद्ध आहे. वळिवड्याची तितकी नाही. एक तर इथे गोष्ट सांगायला एखादा दिलदार राजा नाही. कोल्हापूरच्या गादीवर तेव्हा अज्ञान बालक होते. दुसरे म्हणजे खर्च संस्थानने उचलला नव्हता. तो लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारच्या नावे पडत होता. औदार्याच्या गोष्टी सांगताना हिशेब कुणी भरला तेही सांगावे, एवढ्यासाठी हे लिहिले. जागा मात्र कोल्हापूरने दिली आणि शेजारही दिला.

कराचीच्या तात्पुरत्या छावण्यांतून ही कुटुंबे रेल्वेने वळिवड्याला आली. लांबच लांब बराकी, चटयांच्या भिंती, वर मंगलोरी कौले, पुढे पडवी. एकेका कुटुंबाला खोली आणि स्वयंपाकाला जागा. आपल्याला हे चाळीसारखेच वाटेल. पण तीन-चार वर्षे लाकडाच्या फळीवर, दुसऱ्याच्या धाकात आणि पुढे सार्वजनिक कढईसमोर रांगेत काढलेल्या बाईला आपली चूल आणि आपला उंबरा मिळाला, ही केवढी गोष्ट! दरमहा हातात भत्ता मिळे आणि बाजार आपला आपण करायचा. कॅम्पातच आपल्या लोकांची दुकाने लागली होती. भाषा येत नव्हती, तरी बोटांवर भाव होत असत. पैसे, आणे, रुपये यांचे गणित सोव्हिएत शेतावरच्या भाकरीच्या गणितापेक्षा सोपेच म्हणायचे.

परक्या हवेत संसार मांडण्याची त्यांची रीत आपल्याला ओळखीची वाटेल. आधी देऊळ, मग शाळा, मग नाटक. त्यांनी चर्च थाटले. प्राथमिक शाळा निघाल्या, माध्यमिक शाळा निघाली, शिक्षिका तयार करण्याचे वर्ग निघाले. दवाखाना होता, नाट्यगृह होते, बालवीरांची पथके होती. छातीच्या विकाराच्या मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवण्याची सोय झाली. 'पोलंडचा माणूस हिंदुस्थानात' अशा अर्थाच्या नावाचे एक नियतकालिकही ते काढत. आमच्यासारखे मंडळाचे अंक काढणाऱ्यांना त्याबद्दल जरा जास्तच आपुलकी वाटते. परगावी जमलेल्या माणसांना आपल्या भाषेत छापलेले चार कागद का लागतात, हे इथल्या कुणाला वेगळे सांगायला नको. मुंबईतले पोलिश वकील बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी या लोकांसाठी फार खस्ता खाल्ल्या. किराबाई तर युद्धानंतरही हिंदुस्थानातच राहिल्या.

हे सगळे करताना मनात मात्र एकच होते की लढाई संपली की घरी जायचे. म्हणून मुलांना शिकवायचे ते पोलंडचा भूगोल, पोलंडचा इतिहास. वेशीबाहेरच्या जगाशी संबंध बेताचाच. त्या जगात तेव्हा काय चालले होते पाहा : शेजारच्या सातारा जिल्ह्यात नाना पाटलांचे प्रतिसरकार इंग्रजांशी झुंजत होते, १९४३ साली बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती. वळिवड्यातल्या बायकांना इंग्रज हा दोस्त होता, पलीकडच्या गावातल्या पोरांना तोच शत्रू. तरी दोघांत वैर झाल्याचे कुठे नोंदलेले आमच्या वाचनात नाही. उलट काही पोलिश मुलींनी इथल्या घरांत लग्ने केली आणि त्या कोल्हापूरकर झाल्या.

आणि एक धागा असा आहे, जो आम्हाला या साऱ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वळिवड्याच्या पडवीत ज्यांची पत्रे वाट पाहून वाचली जात, ते शिपाई इटलीत होते. त्याच इटलीत मराठा लाइट इन्फंट्रीही होती. १८ मे १९४४ ला पोलिश पलटणींनी मोंते कासिनोचा मठ घेतला. तिथल्या पोलिश दफनभूमीत हजाराहून अधिक थडगी आहेत. दोन महिन्यांच्या आत, १० जुलै १९४४ ला, वरच्या टायबर खोऱ्यात नाईक यशवंत घाडगे पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी तोच मान मिळवला. त्या दिवशी त्याच नदीवर, त्याच आठव्या सैन्यात, पोलिश तुकड्याही हल्ल्याला उतरल्या होत्या. म्हणजे एका नदीवर दोघे लढत होते आणि दोघांचीही घरे सह्याद्रीच्या कुशीत वाट पाहात होती. फरक इतकाच की मराठा शिपायाला परतायला त्याचे गाव होते.

पोलिश शिपायाचे गाव तोवर गेले होते. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला तीन बड्या राष्ट्रांनी पोलंडची पूर्व सरहद्द बदलली. इनामाच्या जमिनी, ज्यांच्या आठवणींवर वळिवड्यात मुले वाढवली, त्या सोव्हिएत राज्यात गेल्या. जुलै १९४५ मध्ये इंग्रज सरकारने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनचे जुने सरकार कागदावर उरले. सैन्य जिंकले आणि सैनिकांची घरे हरली.

पुढचा प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच घरांच्या परिचयाचा, की घ्यायचे कुणाला? १९४७ च्या मार्चमध्ये इथल्या पार्लमेंटने पोलिश पुनर्वसनाचा कायदा केला. इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या पोलिश शिपायांना इथे राहता येणार होते आणि त्यांच्या कुटुंबीयांना त्यांच्याकडे येता येणार होते. वळिवड्यात पुन्हा पट उघडला. नवरा, बाप, मुलगा, भाऊ यांपैकी कुणाचे नाव सैन्यात आहे? असेल त्यांना मुंबईहून बोट. नसेल त्यांतल्या काहींना पूर्व आफ्रिकेतल्या दुसऱ्या छावणीत जाऊन पुन्हा वाट पाहात बसावे लागले. काही थोडे पोलंडला परतले. आपल्याकडच्या ज्या भगिनी पासपोर्टवर 'डिपेंडंट' असा शिक्का घेऊन या देशात उतरल्या, त्यांना या यादीची किंमत कळेल.

इंग्लंडात त्यांना मिळाल्या त्या लष्कराने सोडलेल्या पत्र्याच्या अर्धगोल झोपड्या. ग्लॉस्टरशरमधल्या नॉर्थविक पार्कसारख्या छावण्यांत काही कुटुंबांनी वर्षानुवर्षे काढली. ती छावणी १९६८ मध्ये बंद झाली. चटईच्या भिंतींतून पत्र्याच्या भिंतींत. हवा तेवढी बदलली. नवऱ्याला पाच-सहा वर्षांनी पाहणाऱ्या बायका होत्या आणि बापाला न ओळखणारी मुले होती. १९५१ च्या शिरगणतीत पोलंडमध्ये जन्मलेले सुमारे १,६२,००० लोक इथे नोंदले गेले. आंदर्सही लंडनमध्येच वारले, १९७० मध्ये, आणि त्यांना मोंते कासिनोला आपल्या शिपायांशेजारी पुरले. त्यांच्या पलटणीतल्या वोयटेक नावाच्या अस्वलाचा पुतळा एडिंबरात आहे, मुलांना आवर्जून दाखवा. पण वळिवड्याच्या बायकांबद्दलही त्यांना दोन शब्द सांगा.

पोलिश कॅम्प रिकामा झाला आणि फाळणीने घर हिरावलेली सिंधी कुटुंबे त्याच बराकींत राहायला आली. त्याचेच पुढे गांधीनगर झाले. लग्नाच्या कापडखरेदीला तिथे गेला नसेल असा कोल्हापूरकर विरळा. वॉर्सात आज कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी तिथे पुष्पचक्र वाहिले, तेव्हा बातमी वाचून पुष्कळांनी कोल्हापूर तिथे कसे, असे विचारले होते.

सुटीत कोल्हापूरला गेलात तर अंबाबाईचे दर्शन आणि रंकाळा झाल्यावर महावीर उद्यानातला पोलिश लोकांनी उभारलेला स्तंभ पाहून या. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यातही स्मृतिस्तंभ उभा राहिला आहे. शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश थडगी आहेत. आणि आपल्या गल्लीत कुणी नव्वदीच्या घरातले पोलिश आजी-आजोबा असतील, तर एकदा चहाला बोलावून 'वळिवडे' एवढा एकच शब्द त्यांच्यापुढे उच्चारून पाहा. कुणी ओळख दिली आणि काही सांगितले, तर त्यांच्या परवानगीने ते लिहून आमच्याकडे पाठवा. पुढच्या अंकात जागा ठेवली आहे.