विषाणू सापडणे आणि दोषी ठरणे

कोल्हापुरात शेंडा पार्कचे कुष्ठधाम वस्तीपासून दूर वसले, त्यामागे अंगावरचा चट्टा पाहून माणसालाच वेगळे काढण्याची जुनी रीत होती. हॅन्सेन यांनी १८७३मध्ये कुष्ठरोगाचा जंतू दाखवला. पण तो सहजी पसरत नाही, ही गोष्ट लोकांपर्यंत जंतूच्या भीतीइतक्या लवकर पोचली नाही. त्वचेतल्या लिम्फोसाइट पेशींच्या विकारांमागे विषाणू आहे का, या प्रश्नाचा इतिहास हा अनुभव ध्यानात ठेवूनच वाचायला हवा. त्यांतला प्रमुख आजार मायकोसिस फंगॉइडिस. पॅरिसमध्ये आलिबेर यांनी १८०६मध्ये त्याचे वर्णन केले. टी-पेशी या लिम्फोसाइटांच्या एका प्रकाराचा हा कर्करोग अनेकदा वर्षानुवर्षे नुसत्या चट्ट्यांच्या रूपात राहतो. चट्टे फिकट असले, तर कुष्ठरोगाचीच शंका येते.

विषाणूवरचा संशय निराधार नव्हता. उंदरांतला स्तनाचा कर्करोग आईच्या दुधातून पिलांत उतरतो, हे बिटनर यांनी १९३६मध्ये दाखवले. पुढे तो घटक विषाणू निघाला. मुंबईत खानोलकरांच्या कर्करोग संशोधन केंद्रात कमल रणदिवे यांनी हाच धागा पुढे नेला. १९८०मध्ये गॅलो यांच्या प्रयोगशाळेत त्वचेच्या टी-पेशी कर्करोगाचे निदान झालेल्या रुग्णाच्या पेशींतून एचटीएलव्ही-१ हा विषाणू मिळाला, तेव्हा उत्तर हाती आल्यासारखे वाटले. मात्र हा विषाणू खरा जुळला तो ताकात्सुकी यांनी १९७७मध्ये जपानमध्ये वेगळ्या ओळखलेल्या रक्ताच्या कर्करोगाशी. तिथे रोगाचा आणि विषाणूचा प्रदेश एकच निघाला. शिवाय रुग्णाच्या कर्कपेशींच्या जनुकसंचात विषाणू एकाच ठिकाणी रुजलेला आढळला, म्हणजे पेशी बेसुमार वाढण्याआधीच तो आत शिरला होता. मायकोसिस फंगॉइडिसच्या बहुसंख्य रुग्णांत असा पुरावा मिळत नाही.

काही अभ्यासांत या रुग्णांत एचटीएलव्ही-१चे जनुकीय तुकडे सापडले, हा आक्षेप रास्त आहे. पण इतर प्रयोगशाळांत तसे सातत्याने आढळले नाही. मर्केल पेशींच्या कर्करोगातला विषाणू २००८पर्यंत कुणाला दिसला नव्हता, मग इथेही एखादा लपलेला नसेल कशावरून? शोध थांबवू नये, एवढेच त्यातून सिद्ध होते. शक्यतेला पुराव्याची जागा देता येत नाही. उद्या विषाणू सापडला, तरी तो स्पर्शाने पसरतो असे ठरत नाही. एचटीएलव्ही-१देखील स्तनपान, रक्त आणि लैंगिक संबंधांतून जातो. म्हणून पुराव्याबाबतचा काटेकोरपणा हे रुग्णाप्रती कर्तव्यच आहे. आजच्या ज्ञानानुसार मायकोसिस फंगॉइडिस संसर्गजन्य नाही. घरच्यांनी रुग्णाचे ताट वेगळे करू नये, हे डॉक्टरांनी त्यांना निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे.