मधुमेहातील मूक हृदयविकार व मूत्रपिंडविकार

मधुमेहातील मूक हृदयविकार व मूत्रपिंडविकार हे दीर्घकालीन मधुमेहामुळे उद्भवणारे दोन परस्परसंबंधित उपद्रव आहेत. प्रारंभी त्यांची ठळक लक्षणे जाणवत नाहीत, म्हणून त्यांना 'मूक' म्हटले जाते. मूत्रपिंडविकार जडलेल्या मधुमेहींमध्ये हृदयविकाराने मृत्यू होण्याचा धोकाही वाढतो.

मूक हृदयविकार

हृदयाच्या स्नायूला रक्तपुरवठा कमी पडल्यास सहसा छातीत वेदना होते. मधुमेहामुळे स्वायत्त चेतासंस्थेच्या तंतूंना इजा झालेली असल्यास ही वेदना मंदावते किंवा जाणवतच नाही. अशा वेळी धाप, थकवा, मळमळ किंवा घाम एवढीच लक्षणे दिसू शकतात. काहींच्या बाबतीत पूर्वी येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका नंतर काढलेल्या ईसीजीमधूनच उघडकीस येतो.

मूत्रपिंडविकार

प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन असतात. रक्तातील वाढलेली साखर व उच्च रक्तदाब यांमुळे त्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या गुच्छांना इजा होते आणि अल्ब्युमिन हे प्रथिन मूत्रात उतरू लागते. पॉल किमेलस्टील व क्लिफर्ड विल्सन यांनी १९३६ मध्ये या गुच्छांतील गाठींचे वर्णन केले. पायांवर सूज, फेसाळ लघवी ही लक्षणे बहुधा उशिरा दिसतात.

निदान

रक्तातील क्रिएटिनिनचे प्रमाण प्रारंभी सामान्य असू शकते. त्यामुळे केवळ त्यावरून मूत्रपिंडे निरोगी असल्याचे ठरत नाही. मूत्रातील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन यांचे गुणोत्तर प्रति ग्रॅम ३० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक असणे हे विकाराचे सूचक मानतात. ज्वर किंवा मूत्रमार्गातील संसर्गामुळेही ते तात्पुरते वाढत असल्याने चाचणी पुन्हा करतात. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच, तर पहिल्या प्रकारात ५ वर्षांनंतर ही चाचणी सुरू करून दरवर्षी करावी, अशी शिफारस आहे. हृदयाच्या बाबतीत मात्र लक्षणे नसलेल्या सर्वच मधुमेहींची विशेष चाचणी सरसकट करण्याची शिफारस नाही.

प्रतिबंध व उपचार

रक्तशर्करा, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांचे नियंत्रण आणि धूम्रपानाचा त्याग हे प्रतिबंधाचे मुख्य उपाय आहेत. मूत्रात अल्ब्युमिन जात असल्यास व रक्तदाबही वाढलेला असल्यास रामिप्रिल किंवा लोसार्टन यांसारखी औषधे दिली जातात. कॅनाग्लिफ्लोझिनसारख्या नव्या औषधांमुळे मूत्रपिंडांचा ऱ्हास मंदावतो व हृदयालाही लाभ होतो. मूत्रपिंडे निकामी झाल्यास डायालिसिस किंवा मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण करावे लागते.